रांजणातल्या खड्यांचं काय झालं?

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडं शाळेत जायच्या आधीच ऐकून झालेली असते. वाटसरूला मारायचं, लुटायचं, एक खडा रांजणात टाकायचा, असे सात रांजण भरले, मग नारद भेटले, म्हणले घरी जाऊन विचार की तुझ्या पापात कोणी वाटेकरी आहे का, बायको नाही म्हणली, पोरं नाही म्हणली आणि वाल्याचे डोळे उघडले. पुढं मरा मरा, वारूळ, वाल्मीकी. (मूळ वाल्मीकी रामायणात ही गोष्ट नाहीच, ती नंतरच्या अध्यात्म रामायणात वगैरे येते, आणि एका अख्ख्या समाजाचं नाव दरोडेखोराला चिकटवून आपण ती बिनधास्त सांगत आलो हा वेगळा विषय, त्यावर परत कधीतरी.) सप्ताहात ही गोष्ट निघाली की महाराज बायकोचा आवाज काढून "तुमचं पाप तुम्हीच फेडा" म्हणतात, बाया हसतात, गडी माना डोलावतात, मृदंग वाजतो.

पहिला अर्धा भाग एक नंबर आहे. कमाई खायला सगळे, पाप फेडायला तू एकटा, यापेक्षा सोप्या भाषेत वैयक्तिक जबाबदारी कोणी सांगितली असेल असं मला वाटत नाही. पण दुसऱ्या भागापाशी मी कायम अडतो. ज्या माणसांचे ते खडे होते त्यांचं काय? त्यांच्याही घरी बायका होत्या, पोरं होती, कोणी संध्याकाळी दारात बसून वाट बघितली असंल. वाल्या तरला, चांगलं झालं, पण त्यांना काय मिळालं? नारदानं वाल्याला त्याच्या स्वतःच्या घरी पाठवलं, मेलेल्यांच्या घरी एकदाही पाठवलं नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच की पाप, पुण्य, मोक्ष, जन्नत, तारण यावर धर्माधर्मात मोक्कार फरक आहे, "सगळे धर्म एकच सांगतात" हे वाक्य भाषणात टाळ्या घ्यायला ठीक आहे पण खरं नाही. मात्र एका बाबतीत त्यांच्या ग्रंथांत आश्चर्य वाटावं इतकं जुळतं. दुसऱ्या माणसाचं वाकडं केलं असंल तर आधी त्या माणसाकडं जा, देवाकडं नंतर. आणि सगळ्या धर्मांच्या लोकांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून, हे "आधी" गुपचूप काढून टाकलंय. उधारी किराणा दुकानदाराची आणि पैसे भरून आले लाइटबिलात, असं चाललंय. पावती खरी आहे, पण दुकानदाराच्या वहीतलं नाव तसंच.

इस्लाममध्ये ही वाटणी अगदी स्पष्ट आहे. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क, नमाज, रोजे वगैरे. हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे एकमेकांवरचे हक्क. पहिल्यात चुकलात तर तौबा करा, तो माफ करणारा आहे. दुसऱ्यात चुकलात तर ज्याचा हक्क मारला त्याच्याशी मिटवल्याशिवाय सुटका नाही. सही मुस्लिम या ग्रंथात एक हदीस आहे, म्हणजे पैगंबरांची नोंदवलेली आठवण किंवा वचन, त्यात पैगंबर साहेब सोबत्यांना विचारतात दिवाळखोर कोण, ते म्हणतात ज्याच्याकडं पैसा नाही सामान नाही तो. तर पैगंबर म्हणतात, माझ्या उम्मतचा, म्हणजे अनुयायांतला, दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी भरपूर नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण त्यानं ह्याला शिवी दिलेली, त्याचा पैसा खाल्लेला, कोणाला मारलेलं. मग त्याचं पुण्य काढून ह्याला त्याला वाटून टाकतील, आणि पुण्य संपलं अन् देणं राहिलं तर त्यांची पापं उचलून ह्याच्या अंगावर टाकतील. आणखी एक हदीस तर असं म्हणते की शहिदाचंही सगळं माफ होतं, कर्ज सोडून. धर्मासाठी जीव दिला तरी उसने घेतलेले पैसे उसनेच राहतात. मला हे वाचून धक्काच बसला होता, कारण आमच्याकडं पतसंस्था बुडवून देवस्थानाला चांदीचा दरवाजा देता येतो आणि वर सत्कार होतो.

म्हणून हजला जायच्या आधी माणूस गावात घरोघरी फिरतो, कहासुना माफ करो म्हणतो. बहुतेक वेळा ते राम राम शाम शाम असतं, चहा होतो, गळाभेट होते. पण आमच्या गावातले एक चाचा, बैलांचा व्यापार करायचे, हजचा नंबर लागला तसे एका पाटलाच्या वाड्यावर गेले. कधीकाळी त्यांनी त्याला एक बैल विकला होता, दिसायला उमदा, पण जू मानेवर पडलं की खाली बसायचा. ती खोड चाचांना माहीत होती अन् बाजारात ती त्यांनी सांगितली नव्हती. पाटील म्हणले चाचा बैल मरून जमाना झाला, कशाला उगं, जाऊन या सुखानं. चाचा काही उठंनात. म्हणले पाटील, मी तिथं जाऊन रडलो तरी हे खातं तिथं नाही, इथं आहे तुमच्याकडं. रुमालात बांधून आणलेले पैसे त्यांनी पुढं सरकवले. आता कथा-कीर्तनात असतं तर पाटलानं डोळ्यात पाणी आणून पैसे परत केले असते. आमच्या पाटलांनी मोजून घेतले, दोनदा मोजले, मग आत आवाज दिला चहा टाका म्हणून. मला ते मोजून घेणं लई आवडलं. देणं खरं होतं म्हणून तर मोजलं.

चाचा म्हणजे सगळे मुसलमान असं नाही बरं का. शब-ए-बारात आली की "मुझसे जाने अनजाने में कोई गलती हुई हो तो माफ कर दो" हा मेसेज एका बोटानं दोनशे जणांना जातो. संवत्सरीला जैन मित्रांचा "कळत नकळत मन दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम्" तसाच येतो. आता हिंदू लोकही नवीन वर्षाला असंच काहीतरी पाठवायलेत. ज्याचं खरंच मन दुखावलंय तो बहुतेक त्या यादीत ब्लॉक असतो. "कळत नकळत" ही मोठी सोयीची चीज आहे, तिच्यात काय केलं ते सांगावं लागत नाही, कोणाचं केलं ते सांगावं लागत नाही, आणि परत काय देणार हा विषयच निघत नाही. मूळ जैन विचार याच्या पार उलटा आहे. तिथं कर्म म्हणजे आत्म्याला चिकटणारं सूक्ष्म द्रव्यच आहे, आणि ते झाडून काढायला कोणी देव येणार नाही, ज्याचं त्यानं तपानं, संयमानं झिजवायचं. आमच्या मराठवाड्यातच कुंथलगिरीला १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, अन्न सोडून देह ठेवला. तो मार्ग पटो ना पटो, तिथं फॉरवर्ड करून काही होत नाही एवढं तर कळतं.

ज्यू लोकांचा योम किप्पूर हा वर्षातला सगळ्यात मोठा प्रायश्चित्ताचा दिवस, दिवसभर कडक उपास. आणि मिश्ना या त्यांच्या धर्मनियमांच्या ग्रंथात स्वच्छ लिहिलंय की देव आणि माणूस यांच्यातलं पाप या दिवशी धुतलं जातं, पण माणूस आणि माणूस यांच्यातलं पाप समोरच्याची समजूत काढेपर्यंत हा दिवसही धूत नाही. येशू त्याच परंपरेतला. मत्तयच्या शुभवर्तमानात तो म्हणतो की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. विचार करा, दर्शनाच्या रांगेत नंबर जवळ आलाय आणि कोणी म्हणतंय परत जा, भाऊबंदकीतली केस मिटवून ये. आमच्याकडं निम्मी रांग मोकळी होईल.

ख्रिस्ती धर्मात याच्याविरुद्ध जाणारंही बरंच आहे आणि ते झाकून उपयोग नाही. आदमाच्या चुकीचा डाग प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो, आणि स्वतःच्या पुण्याईनं तो निघत नाही, देवाच्या कृपेनंच निघतो, ही मांडणी प्रेषित पौलापासून सुरू होते, संत ऑगस्टीननं ती पक्की केली. हीच कृपा पुढं चर्चनं विकायला काढली, पापक्षमापत्रं म्हणून, त्यावरून १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरनं आवाज उठवला आणि अर्धा युरोप फाटला. पण ल्यूथरचंही उत्तर शेवटी कृपाच, माझ्या शेतातून चोरलेल्या कापसाचं काय ते तिथंही नाही. त्यापेक्षा मला जक्कयाची गोष्ट जास्त कामाची वाटते. जकातदार, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, येशूला बघायला बुटका म्हणून झाडावर चढतो. येशू म्हणतो उतर खाली, आज तुझ्या घरी मुक्काम. तेव्हा जक्कय उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला फसवून घेतलं असंल तर चौपट परत करतो. मग येशू म्हणतो आज या घराला तारण मिळालं. इथं कृपा आधी आली आणि परतफेड नंतर, हे मी मान्य करतो, पण परतफेड आली. चौपट. आपल्या पुढाऱ्यांनी एकपट केलं तरी जिल्ह्यात नवीन कॉलेजं निघतील.

आता आपल्या घरात येऊ. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांची भली मोठी यादी आहे. त्यात दुसऱ्याच्या घरातून किरकोळ वस्तू चोरली तर सांतपन कृच्छ्र नावाचं कडक व्रत करा असं आहे, पण त्या श्लोकात एक अट आहे, वस्तू परत देऊन. म्हणजे मनूलाही "आधी" माहीत होतं. पण त्याच अध्यायात क्षत्रियाला मारलं तर ब्रह्महत्येच्या चौथा हिस्सा प्रायश्चित्त, वैश्याला मारलं तर आठवा, शूद्राला मारलं तर सोळावा. आणि मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रं, घुबड, कावळा मारला तर शूद्रहत्येचंच व्रत करायचं. इथं पापाचं माप गुन्ह्यावर राहिलंच नाही, मेला कोण यावर गेलं. ज्याच्या जिवाची किंमत एक आण्याची ठरवली त्याच्याकडं जाऊन माफी मागायची वेळ येतेच कशाला?

याचा नमुना आमच्या पैठणनं बघितलेला आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन परत संसार केला, यात त्यांनी कोणाची चोरी केली नव्हती, कोणाला मारलं नव्हतं. परंपरा सांगते की धर्मपीठानं देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, नवराबायकोनं जीव दिला. इथं तरी हिशेब संपायला पाहिजे होता का नाही? तरी चार लेकरांना, ज्ञानेश्वर, निवृत्ती, सोपान, मुक्ताई यांना, शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. ज्यू संदेष्टा यहेज्केल म्हणतो बापाचं पाप मुलगा वाहणार नाही. कुराण म्हणतं कोणीही दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही. आणि आपल्या कर्मसिद्धान्तातही ज्याचं कर्म त्याला, हेच तर आहे. पण गोदाकाठी जे बसले होते त्यांनी मेलेल्या आईबापाचं पाप जिवंत पोरांकडून वसूल केलं.

म्हणून नाममार्गावर मी वर वाल्याच्या निमित्तानं जे बोललो ते अर्धंच आहे. एकदा नाम घेतलं की सगळं जळून जातं, हे ऐकायला पळवाट वाटते, आणि आज तिचा वापर तसाच होतो, पण ती सांगायला सुरुवात झाली तेव्हा समोर चोर कमी आणि शुद्धिपत्र नाकारलेले लोक जास्त होते. नरसीचा शिंपी, गंगाखेडची जनी, मंगळवेढ्याचा चोखा, यांनी काय पाप केलं होतं जन्म घेण्याशिवाय? त्यांना प्रायश्चित्ताचे दर परवडणारे नव्हते आणि परवडले असते तरी दारात कोणी उभं केलं नसतं. नामानं ती किल्ली भटजींच्या कनवटीतून काढून घेतली, आणि हे काम लई मोठं आहे. त्याच पैठणात एकनाथ महाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळूतलं अस्पृश्याचं लेकरू कडेवर घेतलं, श्राद्धाचं जेवण आधी अस्पृश्यांना वाढलं, आणि यासाठी गावानं प्रायश्चित्त मागितलं ते नाथांकडं, लेकरू वाळूत टाकून पुढं निघून जाणाऱ्यांकडं नाही. पाप म्हणजे विटाळ की पाप म्हणजे कोणाला तरी झालेला त्रास, हा खरा झगडा आहे, आणि तुकोबांनी तो एका ओळीत संपवला होता, पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा. आपण ओळ पाठ केली अन् झगडा चालू ठेवला.

विटाळाचं पाप नदीत धुता येतं कारण ते अंगालाच लागलेलं असतं असं आपण मानतो. परपीडा धुवायला नदी उपयोगाची नाही, ज्याला पीडा झाली तो नदीत नसतो. नाशिकला सिंहस्थ येईल, गाड्या भरभरून जातील, जावं माणसानं, मला त्या गर्दीचं आकर्षण आहे, पण गावाकडं ज्याचा रस्ता अडवलाय तो त्या दिवशीही लांबच्या फेऱ्यानंच शेतात जाणार आहे.

शीख परंपरेत ही गोष्ट जास्त रांगडी आहे. गुरू नानकांनी मलिक भागोच्या मेजवानीला न जाता भाई लालो सुताराची कोरडी भाकरी खाल्ली, भागोनं कारण विचारलं तर दोन्ही हातात दोघांच्या भाकरी धरून पिळल्या, लालोच्या भाकरीतून दूध निघालं आणि भागोच्या भाकरीतून रक्त, असं जन्मसाखी, म्हणजे नानकांच्या चरित्रकथा, सांगतात. दुसऱ्याचा हक्क खाणं म्हणजे मुसलमानाला डुक्कर आणि हिंदूला गाय, असंही नानकांचं वचन ग्रंथसाहेबात आहे. चमत्कार सोडून द्या, मुद्दा बघा, अन्नदान करणाऱ्याला धान्य आलं कुठून हे विचारायची हिंमत. आमच्या सप्ताहातल्या पंगतीला असं कोणी पिळायला लागलं तर मंडप सोडून पळावं लागेल काही जणांना. आणि तिथली तनखाह, म्हणजे धार्मिक शिक्षा, तीही जोडे पुसणं, भांडी घासणं अशी सगळ्यांदेखत असते, कितीही मोठा माणूस असो. नांदेडला हुजूर साहेब तख्तच आहे, आपल्या दारात, पण आपण जातो अन् लंगर खाऊन येतो.

आता यातली उलटी बाजू, जी मला जास्त धोक्याची वाटते. पापाची भाषा ज्यानं केलं त्याला कमी आणि ज्याला भोगावं लागतं त्यालाच जास्त लावली जाते. मतिमंद लेकरू झालं, मागच्या जन्मीचं काहीतरी असंल. नवरा गेला, पांढऱ्या पायाची. ३० सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, लातूर-उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि पाप वाढलं होतं म्हणून झालं असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही पारावर भेटतात. मेलेली लेकरं काय पाप करून बसली होती? माणसं मेली ती दगडामातीच्या जाडजूड भिंतींखाली अन् माळवदाखाली. माळवद गळू नये म्हणून दरसाल वर मातीचा थर टाकायचा, वजन वाढत जायचं, आणि एक दिवस ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. १९३४ च्या बिहार भूकंपाला तर खुद्द गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणलं होतं, आणि टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला होता. गांधीजींचा हेतू चांगला होता, पण भूकंपात अस्पृश्यांचीही घरं पडली होती की.

बाबासाहेबांनी नेमकं हेच पकडलं. मागच्या जन्मीच्या कर्मानं माणूस आज गरीब, आजारी, हलक्या जातीचा, असं एकदा मानलं की राज्याची आणि समाजाची जबाबदारीच संपते, हा त्यांचा आक्षेप आहे, आणि १९५६ ला नागपूरला बुद्धाकडं जाताना त्यांनी बुद्धाला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हणलं. धम्मपदात आहेच, पाप आपणच करतो, मळतो आपण, शुद्ध होतो आपण, दुसरा कोणी कोणाला शुद्ध करत नाही. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढून त्यांनी या जबाबदारीला नुसता उपदेश न ठेवता बाक, फळा, वसतिगृह दिलं. तू स्वतः जबाबदार आहेस, असं ज्याला कधी शाळेत येऊ दिलं नाही त्याला म्हणणं म्हणजे चेष्टा आहे, आधी शाळा द्या मग म्हणा.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. ज्याचं वाकडं केलं तो मेला असंल तर? दारूच्या नशेत ट्रॅक्टर चालवून कोणाला चिरडलं, आता परत काय देणार? अशा माणसाला कोणीतरी वरचा आहे आणि तो मला जवळ घेईल, हा आधार नसला तर तो माणूस संपतो, मी संपलेले बघितलेत. अशा वेळी कृपा, तौबा, नाम, हे सगळं औषधाचं काम करतं, आणि ते काढून घ्यायचा मला काही अधिकार नाही. एवढंच की त्या मेलेल्याच्या घरी पोरीची फीस भरायची राहिलेली असते, आणि ती भरायला देवाची परवानगी लागत नाही.

आणि हे एकट्यादुकट्याचं झालं. जिथं गावच्या गावानं पाप केलंय तिथं काय? सम्राट अशोकानं कलिंगच्या युद्धानंतर तेराव्या शिलालेखात कबूल केलं, दीड लाख लोक उचलून नेले, एक लाख मारले, त्याहून कितीतरी जास्त मेले, आणि मला त्याचं दुःख आहे. जगाच्या इतिहासात असं लिहिणारा राजा विरळा. गिरनारला तो लेख आहे, कालसीला आहे, पार शाहबाजगढीला आहे. फक्त कलिंगात, धौली आणि जौगडला, तो कोरलेला नाही, तिथं त्याच्या जागी दुसरे लेख आहेत. म्हणजे राजाला झालेलं दुःख सगळ्या जगाला कळलं, ज्यांना मारलं त्यांची गावं सोडून. राजकीय शहाणपण असंल त्यात, पण मला तो रिकामा दगड त्या लेखापेक्षा जास्त बोलका वाटतो.

आपल्या इकडंही असे रिकामे दगड आहेत. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात खेडोपाडी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी. तेव्हा जे पंचविशीत होते ते आज सत्तरीत आहेत, माळ घातलेले असतील, वारी करत असतील, नातवंडं त्याच विद्यापीठाची डिग्री घेऊन बसली असतील. त्यातल्या किती जणांनी त्या वस्तीत जाऊन म्हणलं की त्या रात्री मी होतो? त्याच्याही मागं १९४८. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, ते आपण दर १७ सप्टेंबरला सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला, उस्मानाबाद आणि नांदेडचं नाव त्यात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आहे, ते आपण सांगत नाही. प्रत्येक समाजाकडं समोरच्याच्या पापांची यादी तोंडपाठ आणि स्वतःची कोरी.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे आज्यानं केलं त्यात माझा काय दोष. बरोबर आहे, वर यहेज्केल, कुराण, धम्मपद सगळ्यांनी हेच सांगितलंय, आणि पैठणच्या शुद्धिपत्रावर मी जे रागावलो ते याच कारणानं. पण जरा शेतात चला. बापानं दरसाल नांगराचं एक तास पलीकडं सरकवून शेजाऱ्याचा बांध कोरला, बाप गेला, सातबारा पोराच्या नावावर झाला. पोरगं पापी आहे का? नाही. पण सोयाबीन त्या कोरलेल्या पट्ट्यातही येतं आणि ते पोत्यात भरून हे पोरगंच मोंढ्यात नेतं. पाप वारसानं आलं नसंल, पट्टा आला की. मोजणीचा अर्ज करणारा दरवेळी ज्याची जमीन गेली तोच असतो, ज्याच्याकडं आली त्यानं कधी मोजणी आणल्याचं मी ऐकलेलं नाही. दोष नसला तरी देणं असू शकतं, हे जमिनीच्या बाबतीत तलाठ्यालाही कळतं, जातीच्या बाबतीत प्राध्यापकालाही कळत नाही.

शेवटी एक गोष्ट, नाहीतर माझ्या म्हणण्याचा कोणीतरी उलटा अर्थ काढील. पीडिताकडं जा म्हणलं की आपल्या गावांना दुसरंच सुचतं, पीडिताला माफ करायला लावा. ॲट्रॉसिटीची केस झाली की चार शहाणी माणसं वस्तीत जातात, झालं गेलं सोडा, गावात राहायचंय ना, मिटवून घ्या. पोरीची छेड काढली की पोरीच्याच बापाला समजावतात. पाकिस्तानात मयताच्या घरच्यांनी खुन्याला माफ करायची सोय कायद्यात होती, तर इज्जतीच्या नावाखाली भाऊ बहिणीला मारायचा आणि बाप त्याला माफ करायचा, मारणारे अन् माफ करणारे एकाच घरातले. २०१६ मध्ये सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचचा तिच्या भावानं खून केला, त्यानंतर त्यांना तो कायदा बदलावा लागला. तेव्हा माफी मागणं हे करणाऱ्याचं काम आहे, माफ करणं हे कोणाचंही काम नाही, झालं तर झालं.

अंगुलिमालाची गोष्ट मला म्हणूनच वाल्याच्या गोष्टीपेक्षा खरी वाटते. तोही माणसं मारणारा, बोटांची माळ घालणारा. बुद्ध भेटला, भिक्खू झाला, पुढं अर्हत झाला, म्हणजे बौद्ध हिशेबात मुक्तच. तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला तर लोकांच्या हातून दगड लागला, काठ्या बसल्या, डोकं फुटलं, भिक्षापात्र तुटलं, चीवर फाटलं, रक्तबंबाळ होऊन परत आला. बुद्धानं लोकांना जाऊन सांगितलं नाही की हा सुधारलाय, आता विसरा. त्याला म्हणला, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. इतकी मोठी मुक्ती मिळूनही मेलेल्यांच्या गावानं काय करावं हे त्यांच्यावर लादलं गेलं नाही. आमच्याकडं मिटवामिटवीला बसणारे पंच ही गोष्ट कधी सांगत नाहीत, त्यांना अंधार पडायच्या आत विषय संपवून जेवायला जायचं असतं.